स्वस्तात युरोप फिरा, पण आजार लपवून फिरू नका



गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात एक नवा प्रश्न यायला लागला आहे. पूर्वी वसमतचा मुलगा शिकायला बाहेर गेला म्हणजे नांदेडला, फार तर पुण्याला. आता मोंढ्यात हळद घालायला आलेले वडील जाता जाता दवाखान्यात डोकावतात आणि विचारतात, "साहेब, पोरगं जर्मनीला आहे. सुट्टीत पाठीवर पिशवी टाकून पाच-सहा देश फिरायचं म्हणतंय. रात्री हॉस्टेलात झोपणार. एका खोलीत आठ-दहा अनोळखी माणसं, खाली-वर पलंग. काही रोगराई नाही ना लागायची?"

प्रश्न रास्त आहे. पण एवढी वर्षं रुग्ण तपासल्यावर माझं मत असं झालं आहे की आई-वडील चुकीच्या गोष्टीला घाबरतात. हॉस्टेलच्या पलंगाला घाबरतात आणि जी गोष्ट खरोखर जिवावर बेतू शकते ती स्वतःच्या हाताने मुलाच्या बॅगेत भरून देतात. ती गोष्ट म्हणजे लपवलेला आजार. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

हॉस्टेल म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे हॉस्टेल म्हणजे कॉलेजचं वसतिगृह. युरोपातलं हॉस्टेल म्हणजे प्रवाशांसाठीची स्वस्त मुक्कामाची जागा. खोली नाही, एक पलंग भाड्याने मिळतो. खोलीत चार, सहा, आठ, कधी वीस पलंगही असतात. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून. सामान ठेवायला कपाट असतं, कुलूप बहुतेक वेळा आपलं आपण न्यायचं. बायकांसाठी वेगळी खोली बऱ्याच ठिकाणी मिळते, पण बुकिंग करतानाच ती निवडावी लागते. नाही तर स्त्री-पुरुष एकाच खोलीत असतात, हे आधी माहीत असलेलं बरं.

ही कल्पना जर्मनीतल्या रिचर्ड शिरमान नावाच्या एका शाळामास्तरांची. १९०९ साली मुलांची सहल पायी नेताना पावसाने गाठलं, रात्र एका शाळेत काढावी लागली, आणि त्यांच्या मनात आलं की पायी फिरणाऱ्या मुलांसाठी गावोगावी अशी जागा हवी. १९१२ साली आल्टेना इथल्या किल्ल्यात कायमचं पहिलं युवा हॉस्टेल सुरू झालं.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीहून नामदेव महाराजांची पालखी पंढरपूरला जाते, तेव्हा वाटेत शाळेत, देवळात, मंगल कार्यालयात अनोळखी माणसं शेजारी शेजारी पथारी टाकतातच ना? गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या त्या याचसाठी, की गरिबालाही रात्री डोक्यावर छप्पर मिळावं. चार माणसांत झोपणं हा काही आपल्याला नवा धोका नाही.

मग धोका कुठे आहे?

एक प्रसंग सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

आमच्या भागातला एक मुलगा. वयाच्या अकराव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह, म्हणजे ज्याला इन्सुलिनशिवाय पर्यायच नाही असा. हुशार, पुढच्या शिक्षणासाठी युरोपात गेला. जायच्या आधी माझ्याकडे आला तेव्हा मी तीन महिन्यांचं इन्सुलिन, सिरिंज, साखर तपासायचं यंत्र, सगळं लिहून दिलं. पथ्य सांगितलं. मला वाटलं, माझं काम झालं.

पहिल्या सुट्टीत तो मित्रांबरोबर फिरायला निघाला. मित्र अर्ध्या वाटेतून परतले, हा एकटा पुढे गेला. एका हॉस्टेलमध्ये त्याची इन्सुलिनची बाटली हातातून पडून फुटली. घाबरला नाही. तिथल्या डॉक्टरांकडे गेला, चिठ्ठी घेतली, औषधाच्या दुकानातून त्याच प्रकारचं इन्सुलिन आणलं. सिरिंज त्याच्याकडे आपल्या इथल्याच होत्या. नेहमीप्रमाणे बारा युनिटच्या खुणेपर्यंत इन्सुलिन भरलं, टोचलं, ब्रेड खाल्ला आणि झोपला.

रात्री दोनच्या सुमारास खालच्या पलंगावरच्या मुलाला जाग आली. वरचा पलंग हलत होता. यानं घामाने अंथरूण भिजवलं होतं, काहीतरी असंबद्ध बोलत होता, हाक मारली तर ओळख देत नव्हता. त्या मुलाने स्वागतकक्षातल्या माणसाला उठवलं, त्याने ११२ ला फोन केला. रुग्णवाहिका आली, शिरेतून ग्लुकोज दिलं, मुलगा शुद्धीवर आला. दोन दिवस दवाखान्यात राहिला. वाचला.

चूक काय झाली? गणित समजून घ्या

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा ४० युनिटचं असतं. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज वापरतात आणि तिच्यावरच्या खुणा त्याच हिशोबाने असतात. युरोपात इन्सुलिन साधारणपणे १०० युनिटचं असतं. एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची.

लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये बाराच्या खुणेपर्यंत भरलं की ०.३ मिलिलिटर होतं. आपल्या इन्सुलिनमध्ये त्याचे १२ युनिट. तिथल्या इन्सुलिनमध्ये त्याच ०.३ मिलिलिटरचे ३० युनिट. म्हणजे अडीच पट डोस. त्या मुलाने मापात काहीच चूक केली नव्हती, मापच बदललं होतं.

हे त्याला सांगायचं काम कोणाचं होतं? माझं. मी सांगितलं नाही. माझ्या रुग्णांपैकी कोणी परदेशात इन्सुलिन विकत घेईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तेव्हापासून परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मधुमेहीला मी दोन्ही सिरिंज समोर ठेवून दाखवतो. तुम्हीही लक्षात ठेवा: इन्सुलिन ज्या ताकदीचं, सिरिंज त्याच ताकदीची. शक्य असेल तर निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांशी बोलून पेनवर या. पेन इथेही १०० युनिटच्या इन्सुलिनचंच असतं आणि त्यात खुणेचा हा घोळ होत नाही. २०० किंवा ३०० युनिट ताकदीची पेनं मिळतात, त्यातलं इन्सुलिन सिरिंजने कधीही ओढू नका.

"हाटेलात राहिला असता तर…"

मुलगा बरा झाल्यावर वडील माझ्याकडे आले. म्हणाले, "साहेब, तरी मी म्हणत होतो, असल्या ठिकाणी राहू नको. पैसे गेले असते तर गेले असते, हाटेलात राहिला असता तर हे झालं नसतं."

मी त्यांना म्हणालो, "दादा, हॉटेलातही त्यानं तेच इन्सुलिन, त्याच सिरिंजने घेतलं असतं. फरक एवढाच, की खोलीला आतून कडी असती आणि सकाळी दहाला साफसफाईवाली दार वाजवेपर्यंत कोणाला कळलं नसतं."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

माझं मत मी स्पष्ट सांगतो. ज्याला रात्री साखर कमी होण्याचा, फिटचा किंवा दम्याचा त्रास आहे, त्याने एकट्याने फिरताना स्वस्त एकटी खोली घेण्यापेक्षा चार माणसांच्या खोलीत झोपावं. फक्त एक अट आहे. त्या चारांपैकी एकाला तरी आपला आजार माहीत हवा.

इथेच आपलं अडतं. त्या मुलाने कोणालाच सांगितलं नव्हतं. सोबत निघालेल्या मित्रांनाही नाही. इन्सुलिन तो न्हाणीघरात जाऊन घ्यायचा. का? तर घरी तशीच सवय लावली होती. धाकट्या बहिणीची सोयरीक जमवायची होती, "भावाला शुगर आहे" असं कळलं तर स्थळ मागे सरेल, म्हणून पाहुण्यारावळ्यांत, शेजारीपाजारी चकार शब्द काढायचा नाही. फिट येणाऱ्या मुलींच्या बाबतीत तर हे मी दर महिन्याला पाहतो. औषधाची पाकिटं दुसऱ्या डब्यात भरून ठेवतात.

इथे, आपल्या गावात, हे लपवणं एक वेळ निभावतं. आई रात्री उठून पोराच्या कपाळावर हात ठेवते. पण सात हजार किलोमीटरवर आई नसते, खालच्या पलंगावरचा अनोळखी मुलगा असतो. त्याला काही माहीत नसेल तर त्याला वाटणार, हा दारू पिऊन आला आहे. तो कूस बदलून झोपून जाईल. आमच्या मुलाचं नशीब, की तो उठला.

विम्याच्या अर्जातली "नाही" ची खूण

लपवण्याची दुसरी किंमत विम्यात मोजावी लागते. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय विमा संरक्षण सक्तीचं आहे. लोक सगळ्यात स्वस्त पॉलिसी शोधतात, आणि "आधीपासून काही आजार आहे का" या प्रश्नासमोर "नाही" अशी खूण करतात. हप्ता कमी होतो. पण दवाखान्याच्या कागदावर पहिल्या ओळीत "टाइप १ मधुमेह, अकराव्या वर्षापासून" असं लिहून येतं आणि दावा फेटाळला जातो. त्या वडिलांनी त्या वर्षीच्या हळदीच्या पट्टीतले पैसे त्या बिलासाठी पाठवले. विमा कंपनीला नावं ठेवायला जागा नव्हती. खूण त्यांनीच केली होती.

विमा घेताना तीन गोष्टी विचारा. आधीच्या आजाराचा अचानक त्रास झाला तर खर्च मिळतो का? पैसे आधी भरून नंतर मागायचे की कंपनी थेट दवाखान्याला देते? आणि कोणकोणत्या देशांत चालतो? शेवटचा प्रश्न तिथे शिकणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. युरोपातल्या एखाद्या देशाचा सरकारी आरोग्य विमा असला की युरोपियन हेल्थ कार्ड मिळतं आणि मुलांना वाटतं, आता सगळीकडे चालेल. पण भारतीय पासपोर्टवर हे कार्ड स्वित्झर्लंड, डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड या देशांत साधारणपणे चालत नाही. आपली पोरं सुट्टीत जातात कुठे? स्वित्झर्लंडला! तिथे वेगळा प्रवास विमा हवा.

बचत कुठे करू नये

पाठीवर पिशवी टाकून फिरताना बचत जरूर करा. संग्रहालयं फुकट असतात त्या दिवशी जा, जेवण स्वतः करा, बस-रेल्वेची तिकिटं आधी काढा. पण पुढच्या चार गोष्टींत डॉक्टर म्हणून मी बचत करू देणार नाही.

१. औषधं. रोजची औषधं लागतील त्यापेक्षा दीडपट घ्या आणि दोन बॅगांत विभागून ठेवा. ती हातातल्या बॅगेत हवीत. इन्सुलिन तर विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात कधीच टाकू नका, तिथे ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. सुरक्षा तपासणीत १०० मिलिलिटरचा नियम गरजेच्या औषधाला लागू नसतो, पण चिठ्ठी दाखवावी लागते. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या आणि त्यावर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव लिहून मागा. आपल्या ब्रँडची नावं तिथे कोणाला कळत नाहीत. झोपेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध मूळ पाकिटातच ठेवा आणि चिठ्ठीशिवाय नेऊच नका. आपल्याकडे मेडिकलवाल्याला सांगून अँटिबायोटिकची पट्टी मिळते, तिथे चिठ्ठीशिवाय मिळत नाही. जर्मनीत तर साधी पॅरासिटामॉलही किराणा दुकानात मिळत नाही, औषधाच्या दुकानातच मिळते, आणि रविवारी ठराविक दुकानंच उघडी असतात.

२. झोप. मुलं हिशोब करतात की रात्रीच्या बसने गेलं तर मुक्कामाचे पैसे वाचले. एखादी रात्र ठीक. पण सलग तीन रात्री बसमध्ये काढल्या तर फिटचा त्रास असलेल्याला अपुरी झोप हेच फिटचं कारण ठरतं. चार तासांपेक्षा जास्त वेळ पाय लटकवून बसलं की पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दर दोन तासांनी उठा, बसल्या जागी टाचा वर-खाली करा, पाणी प्या. एका पायाची पोटरी सुजली, दुखली, किंवा अचानक दम लागला तर प्रवास थांबवून डॉक्टर गाठा. मुलींनो, प्रवासासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. घरात कोणाला गुठळीचा त्रास झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि फिटचा किंवा साखर उतरण्याचा त्रास असलेल्यांनी बुकिंग करतानाच खालचा पलंग मागून घ्या. वरच्या पलंगावरून पडून होणारी इजा मूळ आजारापेक्षा मोठी असू शकते.

३. पाय. युरोपातली जुनी शहरं पायीच बघायची असतात, तीही दगडी फरशीवर. नवे बूट घालून जाऊ नका, इथेच महिनाभर वापरून मऊ करा. मोजे रोज बदला. मधुमेह असेल तर रात्री तळपाय उजेडात बघायची सवय ठेवा. फोड आला तर फोडू नका, स्वच्छ पट्टी लावा आणि एक दिवस कमी चाला. वारकऱ्यांच्या पायांवर उपचार करताना मी हेच सांगतो.

४. जेवण. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात तांदूळ, डाळ, भाज्या घेऊन खिचडी करता येते. ती बाहेरच्या जेवणापेक्षा स्वस्तही पडते आणि पोटालाही बरी. नुसता ब्रेड-जॅम खाऊन आठ दिवस काढू नका. मेतकूट, भाजणी, कोरड्या चटण्या, हळद-तिखट न्या, पण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत. म्हणजे आईने दिलेलं तूप आणि पेढे विमानतळावर टाकावे लागतील. बहुतेक पश्चिम युरोपात नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटल्या विकत घ्यायची गरज नाही. "पिण्याचे पाणी नाही" अशी पाटी मात्र बघून घ्या.

आणि ती रोगराई?

राहिला सुरुवातीचा प्रश्न. हॉस्टेलमध्ये ढेकूण असू शकतात, महागड्या हॉटेलातही असू शकतात. २०२३ साली पॅरिसमध्ये ढेकणांवरून केवढा गाजावाजा झाला होता. गादीची शिवण उचलून बघा, काळे ठिपके दिसले तर पलंग बदलून मागा. बॅग पलंगावर ठेवू नका. ढेकूण चावल्याने खाज येते, पण त्यातून रोग पसरल्याचं दिसून आलेलं नाही. खरुज मात्र एकत्र राहण्यातून लागू शकते. परत आल्यावर बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला रात्री जास्त खाज सुटत असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावा. सर्दी-फ्लू तर कुठेही होतो. धनुर्वात आणि गोवरच्या लसी पूर्ण झाल्या आहेत का, हे जायच्या आधी बघून घ्या. यातलं काहीही सहसा जिवावर बेतत नाही.

खिशात एक कागद ठेवा

निघण्याआधी एवढं करा. एका कागदावर इंग्रजीत लिहा: माझं नाव, माझा आजार, मी घेतो ती औषधं आणि त्यांचे डोस, कशाची ॲलर्जी, घरचा फोन, विम्याचा नंबर. एक प्रत पाकिटात, एक बॅगेत, फोटो मोबाइलमध्ये. ११२ हा नंबर युरोपियन युनियनमध्ये सगळीकडे चालतो आणि फोन फुकट लागतो.

मग हॉस्टेलमध्ये पोचल्यावर स्वागतकक्षात आणि शेजारच्या पलंगावर एवढंच सांगा: "मला मधुमेह आहे. मी घामाघूम झालो, विचित्र वागायला लागलो तर मला रस किंवा साखर द्या. मी बेशुद्ध असेन तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि ११२ ला फोन करा." हे सांगायला अर्धा मिनिट लागतो. साखर उतरली आहे असं स्वतःला जाणवलं तर तीन चमचे साखर किंवा लहान ग्लासभर फळांचा रस घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. साखरेचा पुडा उशाशीच ठेवा, कपाटात कुलूप लावून नको.

आई-वडिलांना माझी विनंती आहे. मुलाला "हॉस्टेलात राहू नको" असं सांगण्यापेक्षा "तुझा आजार सांगायला लाजू नको" असं सांगा. आणि ते त्याने तिथे करावं असं वाटत असेल तर सुरुवात इथून करावी लागेल. घरातल्या मुलाला मधुमेह आहे, मुलीला फिट येते, हे पाहुण्यांसमोर सांगताना तुमचाच आवाज खाली गेला, तर पोर तो खालचा आवाज बरोबर घेऊन जाणार. आजाराचं नाव ऐकून मागे सरणारं स्थळ लग्नानंतर कळलं असतं तर काय झालं असतं, याचाही विचार करा.

तो मुलगा मागच्या दिवाळीत घरी आला होता. फराळाला बसलेल्या सगळ्या पाहुण्यांसमोर त्याने पोटाला इन्सुलिन टोचलं आणि मग करंजी उचलली. वडील मला सांगत होते, "साहेब, कुणी काही बोललं नाही हो. एका मावशीनं फक्त विचारलं, दुखतं का रे?"

पुन्हा भेटू. आणि हो, वर सांगितलेलं सगळं माहितीसाठी आहे. औषधात किंवा डोसमध्ये कुठलाही बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करा.